बाळंतिणीचे टाके



आजचा विषय अवघड आहे. समजायला नव्हे, बोलायला. आपल्याकडे म्हणच आहे, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. म्हण ऐकली की चारचौघं हसतात. पण जिला खरोखरच अवघड जागी दुखत असतं, तिला हसू येत नाही. ती गप्प बसते. सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची चोरी, आणि दवाखान्यात पडद्याआड विचारावं तर तिथं गर्दी. मग बाळ महिन्याचं होतं, बारसं होतं, पेढे वाटले जातात, आणि ही बाई बसताना अजून एका अंगावरच बसते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून आज आपण बाळंतपणात द्यावा लागणारा छेद, त्यावर घातलेले टाके आणि ते भरून येईपर्यंतची काळजी यांविषयी बोलू. पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. त्यांच्यासाठीही यात पुष्कळ आहे.

प्रथम जागा कोणती ते स्पष्ट सांगतो. योनिमार्ग आणि शौचाची जागा यांच्यामध्ये दोनएक बोटं रुंदीचा मांसल भाग असतो. वरून कातडी, तिच्याखाली स्नायू, आणि त्याच्या मागच्या बाजूला शौचाचं दार आवळून धरणारा गोल स्नायू, पिशवीच्या नाडीसारखा. बाळाचं डोकं बाहेर येताना हा सगळा भाग ताणून कागदासारखा पातळ होतो. तो ताणला जावा अशीच निसर्गाची योजना आहे. तरीही बहुतेक पहिलटकरणींना कमीजास्त जखम होते. कुणाची नुसती कातडी खरचटते, ती पुष्कळदा टाक्यावाचूनही भरते. कुणाचे आतले स्नायू फाटतात, त्यांना टाके लागतात. थोड्या जणींची फाट त्या नाडीच्या स्नायूपर्यंत जाते, आणि क्वचित त्याच्याही पलीकडे गुदमार्गाच्या अस्तरापर्यंत. डॉक्टर लोक यांना पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दर्जाची फाट म्हणतात. पहिल्या दोन्हींची भीती बाळगू नये. शेवटच्या दोन्हींकडे डोळेझाक करू नये.

आता छेदाची गोष्ट. आपोआप वेडंवाकडं फाटण्यापेक्षा आपणच कात्रीने नीट छेद द्यावा, ही कल्पना जुनी आहे. आयर्लंडातल्या डब्लिन शहरी फील्डिंग ओल्ड नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांनी १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असा छेद सांगितला, पण तो अडलेल्या बाईसाठी, बाळ अगदी दाराशी येऊन अडकलं असेल तेव्हा. पुढे १९२० साली अमेरिकेत शिकागोचे डॉक्टर जोसेफ डिली यांनी मत मांडलं की छेद अडचणीपुरता न ठेवता आधीपासूनच द्यावा, म्हणजे बाईचे स्नायू आणि बाळाचं डोकं दोन्ही सुरक्षित राहतील. हे मत रुजलं. पाठ्यपुस्तकांत शिरलं. पहिलटकरीण आली की छेद द्यायचाच, असा पुष्कळ इस्पितळांचा शिरस्ता झाला. आपल्याकडेही तो आला.

हे मत खरं आहे की नाही, हे पडताळायला मात्र फार वर्षं गेली. इंग्लंडात वेस्ट बर्कशायर भागात जेनिफर स्लीप या सुईणबाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह सुमारे हजार बायकांची दोन गटांत वाटणी करून पाहणी केली. एका गटात छेद होता होईतो टाळायचा, दुसऱ्या गटात सढळपणे द्यायचा. पहिल्या गटात शंभरात सुमारे १० जणींना छेद पडला, दुसऱ्या गटात ५१ जणींना. १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहा दिवसांनी पाहिलं, तीन महिन्यांनी पाहिलं, दोन्ही गटांतल्या वेदना सारख्याच. मग सढळ कात्रीने मिळवलं काय? १९९३ साली अर्जेंटिनातली पाहणी प्रसिद्ध झाली. ती २,६०६ बायकांची. तिथं एका गटात ३० टक्के जणींना छेद दिला गेला, दुसऱ्यात ८३ टक्के जणींना. मोठ्या फाटी दोन्हीकडे सारख्याच, अगदी थोड्या. जिथं कात्री आवरली, तिथं टाके कमी, दुखणं कमी, आणि जखम उकलण्याचं प्रमाणही कमी. पुढच्या बाजूला बारीक खरचटणं तेवढं जास्त झालं. अशा पाहण्यांवरून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितलं की, नैसर्गिक प्रसूतीत सरसकट छेद देऊ नये.

असं का व्हावं? कापडाच्या दुकानात जाऊन पाहा. दुकानदार कापड फाडायचं असलं की आधी कात्रीने बोटभर चीर देतो, आणि मग ते सर्रकन सरळ फाटत जातं. काठ शाबूत असेल तर तेच कापड हाताने सहज फाटत नाही. छेदही कधीकधी असा पुढे वाढतो. म्हणूनच छेद द्यायचाच झाला तर तो मधोमध सरळ खाली न देता बाजूला तिरका देतात, म्हणजे वाढला तरी शौचाच्या दाराकडे जाऊ नये.

पण याचा अर्थ छेद वाईटच, असा कुणी करू नये. बाळाचे ठोके मंदावले आणि त्याला मिनिटांत बाहेर काढायला हवं, चिमटा किंवा वाटीचं यंत्र लावून बाळ ओढावं लागलं, खांदा अडकून डॉक्टरांना हात घालायला जागा हवी झाली, किंवा मोठी फाट आता जाणारच असं दिसू लागलं, तर छेद योग्य आहे. त्या घडीला तो बाळाचा जीव वाचवतो. अशा वेळी डॉक्टरांशी हुज्जत घालायची नसते. सांगायचं इतकंच की छेद हा औषधासारखा आहे, गरजेपुरता. आणि तो देण्यापूर्वी बाईला दोन शब्दांत सांगायला हवं, तिचा होकार घ्यायला हवा, आणि ती जागा बधिर करायला हवी. नवव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हाच विचारून ठेवा, “बाई, माझ्या बाळंतपणात छेद लागेल का? कशासाठी लागेल?” हा प्रश्न विचारणं उद्धटपणाचं नाही.

छेद टाळायला मदत करणाऱ्या गोष्टीही साध्या आहेत. बाळाचं डोकं दिसू लागलं की दमाने घ्यावं, सांगतील तेव्हाच जोर करावा, डोकं हळूहळू बाहेर येऊ द्यावं. कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड त्या जागी धरलं तर मोठी फाट होण्याचं प्रमाण घटतं, हे सिद्ध झालेलं आहे. आणि सोबत आपलं माणूस असलं की बाईचा धीर टिकतो. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण जवळ राहू द्यावी, हे केंद्र सरकारने २०१६ सालीच मान्य केलेलं आहे. ही सवलत मागून घ्यावी.

आता टाक्यांविषयी. वार पडली, रक्तस्राव आटोक्यात आला, की चांगल्या उजेडात जखम नीट पाहतात. या वेळी शौचाच्या जागेतूनही बोटाने तपासणं आवश्यक असतं. बायकांना ते विचित्र वाटतं, पण तो तपासणीचाच भाग आहे. नाडीचा स्नायू शाबूत आहे की तुटलाय, ते याच तपासणीत कळतं. तो तुटला असेल आणि वरवर कातडी शिवून टाकली, तर बाई आयुष्यभर भोगते. अशी मोठी फाट गावच्या केंद्रात शिवू नये. बाईला मोठ्या रुग्णालयात न्यावं. तिथं शस्त्रक्रियेच्या खोलीत, पाठीत भुलीचं इंजेक्शन देऊन, जाणकार डॉक्टर ती थराथराने शिवतात आणि नंतर जंतुनाशक औषधं व शौच मऊ होण्याची औषधं देतात.

साधा छेद असेल तर तिथंच, जागा बधिर करून, तीन थरांत शिवतात. आधी आतलं अस्तर, मग स्नायू, मग कातडी. पूर्वी मेंढीच्या आतड्यापासून केलेला कॅटगट नावाचा दोरा वापरत. आता कृत्रिम विरघळणारे दोरे वापरतात, आणि तुटक टाक्यांऐवजी एकसंध सैलसर शिवण घालतात. तिच्याने दुखणं कमी होतं. हे टाके काढावे लागत नाहीत. काही आठवड्यांत ते आपोआप विरघळतात. दोऱ्याचा एखादा तुकडा घडीवर पडलेला दिसला तर टाके तुटले म्हणून घाबरू नये. “किती टाके पडले?” हा प्रश्न घरोघर विचारला जातो. त्याला फारसा अर्थ नाही. दवाखान्यातून निघताना विचारायचं ते हे, की फाट कुठपर्यंत होती, आणि ती माझ्या कागदावर लिहिली आहे का? पुढच्या बाळंतपणात तो कागद उपयोगी पडतो.

आता घरची काळजी. हीच बायकांच्या हाती आहे, आणि घरच्यांच्याही.

पहिले एकदोन दिवस जागा सुजते. थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड, किंवा बर्फ मिळाला तर तो कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं धरावा. बर्फ उघडा लावू नये. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलची गोळी डॉक्टर देतात. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते. दूध बिघडेल म्हणून दुखणं सोसत बसण्याचं कारण नाही. दुखणाऱ्या बाईला बाळाला पाजायलाही नीट बसता येत नाही.

लघवी कोंडू नये. बाळंतपणानंतर सहा तासांत लघवी झाली नाही तर नर्सबाईंना सांगावं. चुरचुरत असेल तर लघवी करताना तांब्याने कोमट पाणी ओतत राहावं. धुताना हात नेहमी पुढून मागे न्यावा, मागून पुढे कधीच नाही, नाहीतर शौचाचे जंतू जखमेत जातात. मग मऊ कापडाने टिपून घ्यावं, चोळू नये. घडी तीन-चार तासांनी बदलावी. कापडाची असेल तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी. आडोशाला, दुसऱ्या लुगड्याखाली लपवून वाळत घातलेली घडी दमट राहते. आमच्या आयाबहिणींनी लाजेपायी उन्हाला पारखं होऊ नये. एक दिवस उलटला की दिवसातून दोनतीनदा, स्वच्छ घासलेल्या पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसावं. फार आराम पडतो.

सगळ्यांत मोठी धास्ती पहिल्या शौचाची. टाके उसवतील म्हणून बाया तीनतीन दिवस जात नाहीत, जेवण कमी करतात, पाणी पीत नाहीत. काही घरांत तर बाळंतिणीला पाणी मोजूनच देतात. मग मल घट्ट होतो आणि भीती होती तेच दुखणं ओढवतं. नीट घातलेले टाके शौचाने उसवत नाहीत. स्वच्छ घडी समोरून टाक्यांवर हलके दाबून धरावी आणि कुंथू नये, एवढं पुरे. पाणी भरपूर प्यावं. भाकरीबरोबर पालेभाजी, डाळ, ताक, पपई-पेरू असावेत. लोहाच्या गोळीने शौच काळसर आणि थोडी घट्ट होते, पण म्हणून गोळी बंद करू नये. बाळंतपणानंतर ती १८० दिवस घ्यायची असते. फारच त्रास झाला तर शौच मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून मागून घ्यावं.

आपल्या जुन्या चालीरीतींचं काय? चांगल्या असतील त्या ठेवाव्यात. बाळंतिणीने सव्वा महिना विसावा घ्यावा, तिला माहेरी आईच्या हाताखाली ठेवावं, डिंकाचे-अळिवाचे लाडू द्यावेत, हे सारं शहाणपणाचं आहे. पण निखाऱ्यांवर ओवा-शेपा टाकून त्या ताज्या जखमेला धुरी आणि शेक देणं बंद करावं. बधिर, सुजलेल्या कातडीला चटका बसलेला कळत नाही, आणि धुराने बाळाचा श्वासही कोंडतो. जखमेवर राख, हळद, तेल, शेण, पावडर काहीही लावू नये. या जखमेला स्वच्छ पाणी आणि कोरडेपणा यापलीकडे काही लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात हळूहळू चालावं. पाजताना बसवत नसेल तर कुशीवर निजून पाजावं. मांडी घालून फार वेळ बसू नये, ताण जाणवला की थांबावं. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. पाण्याची कळशी नाही, सरपणाचा भारा नाही. ज्यांचं पोट हातावर आहे, त्यांना हे बोलणं सोपं आणि करणं कठीण, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हा उपदेश बाळंतिणीला नाही, तिच्या घरच्यांना आहे. तिची कळशी सहा आठवडे दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जायला हवी. नवऱ्याच्या खांद्यावर गेली तर उत्तमच.

आणि नवऱ्याला आणखी एक गोष्ट. जखम पुरती भरेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, आणि त्यानंतरही बायकोची मनापासून तयारी होईपर्यंत, दूर राहावं. सव्वा महिना संपला म्हणजे हक्क सुरू झाला, असा हिशोब इथं चालत नाही. पहिल्या वेळी दुखलं तर थांबावं. महिने उलटूनही दुखत असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. त्यावर उपाय आहेत.

जखम भरू लागली की एक सोपा व्यायाम सुरू करावा. अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली तो सांगितला. लघवी आणि वारा अडवायला आपण जे स्नायू आवळतो, तेच आत ओढून घ्यायचे, पाच अंक मोजायचे, सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकरी थापताना, एसटीत बसल्याबसल्या, कुठंही करता येतो. कुणाला कळतही नाही.

आता पुढची यादी नीट ध्यानात ठेवा, जमल्यास लिहून घ्या. दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. ते वाढत असेल. जखमेतून पू किंवा घाण वास येत असेल. थंडी वाजून ताप भरला असेल. टाके उकलून फट दिसत असेल. एका बाजूला टणक, ठणकणारी सूज वाढत असेल. लघवी होतच नसेल. किंवा तासाभरात घडी रक्ताने भिजत असेल. यांतलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका. रक्त जात असेल तर १०८ ला फोन करा. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतिणीचा उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याचं वाहन मोफत आहे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचं वजन करून निघाल्या की त्यांना थांबवा आणि म्हणा, “ताई, माझंही थोडं विचारा.”

ज्या बहिणींना हे ऐकताना आपलं जुनं दुखणं आठवलं असेल, त्यांच्यासाठी आता बोलतो. काही जणींना बाळंतपणानंतर वारा किंवा शौच रोखता येत नाही. लुगड्याला डाग पडेल, वास येईल, म्हणून त्या लग्नाला जात नाहीत, हळदीकुंकवाला जात नाहीत, देवळाच्या पायरीवरून परत फिरतात. घरातले म्हणतात, हिला माणूसघाणेपणा जडलाय. हा स्वभाव नव्हे, आणि नशिबाचा फेरा तर मुळीच नव्हे. नाडीचा तो स्नायू तुटून तसाच राहिला, किंवा गुदमार्ग आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक राहिलं, तर असं होतं. वर्षं लोटली असली तरी त्यावर व्यायाम, औषधं आणि शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जावं आणि एकच वाक्य सांगावं, “बाळंतपणापासून मला शौच धरवत नाही.” पुढचं डॉक्टर विचारतील.

शेवटी शिक्षक मंडळींना एक विनंती. गावात कागद वाचून समजावणारं माणूस म्हणून लोक अजून आपल्याकडेच येतात. माता-पालकांची सभा असते, वाचनालय असतं, अंगणवाडीत गरोदर बायका जमतात. तिथं शिक्षिकाबाईंनी आशाताईला बरोबर घेऊन हे भाषण वाचून दाखवावं, आणि वाचून झाल्यावर घाईने उठू नये. प्रश्न सगळ्यांदेखत येत नाहीत. चपला घालताना, दाराशी, हळू आवाजात येतात. गुरुजींनी पारावर तरुण मुलांना कळशीचा आणि सहा आठवड्यांचा भाग सांगावा. वरच्या वर्गांतल्या मुलींना आपल्या शरीराच्या भागांची नावं सरळपणे शिकवावीत. दुखतंय कुठं हे सांगायला मुळात शब्द हवेत, आणि ते शब्द लग्नाआधीच माहीत असलेले बरे.

आपल्या घरी सध्या कुणी बाळंतीण असेल तर आज तिला इतकंच विचारा, “बाई गं, बसायला त्रास होतो का?” आणि तिचं उत्तर पुरतं ऐकून घ्या.